शेरूची मावशी आणि कपाटातली साडी



यात्रेला निघायचे म्हटले की आपल्या घरात याद्या सुरू होतात. पूजेचे कपडे, कोरडा फराळ, पाणी गाळायचे फडके. आमच्या यादीत शेवटी एक नाव असते, शेरू. रस्त्यावर सापडला तेव्हा ओंजळीत मावत होता, आता दारातून आत यायलाही वाट देत नाही.

गेल्या जानेवारीत शिखरजीला जाताना त्याला आपट्याच्या मावशींकडे ठेवले. पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसले की रसायनीच्या पुढचे स्टेशन आपटा. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवट जिथे चित्रित झाला, तेच. मावशींच्या अंगणात पनवेलकरांची चार-पाच कुत्री नेहमी असतात. दिवसाचे 500 रुपये ठरले.

निघताना मी तीनतीनदा बजावले. मांस-मासे नको, अंडे नको, आणि दिवस मावळायच्या आत जेवण. मावशींच्या घरी मासळीशिवाय घास उतरत नाही. पण त्या हसून म्हणाल्या, “ताई, तुमचं पोर तुमच्या रीतीनंच जेवेल.”

शिखरजीची वंदना 27 किलोमीटरची. पहाडावर शेरूची आठवण क्वचितच आली, हे खरे सांगते. अकरा दिवसांनी आलो तर त्याच्या पंजाला पट्टी. मावशी म्हणाल्या, “काच लागली होती. फोन लावला, पण तुमचा लागेना.” डॉक्टरांची 700 रुपयांची पावती पुढे केली. मी 5,500 आणि वर 700 दिले, प्रसाद दिला आणि एक साडी दिली. साडी मला एका लग्नात आलेली होती, रंग आवडला नव्हता म्हणून कपाटात पडून होती. तरी परतताना मनात आले, किती छान केले आपण!

आठवड्याने शेरूचा राहिलेला पट्टा आणायला गेले. मावशी बाजारात होत्या. सुनेने चहा विचारला आणि बोलता बोलता सगळे सांगितले. पट्टी बदलायला दोनदा रिक्षा करून पनवेलला जावे लागले, त्याचे 900 रुपये मावशींनी सांगितलेच नव्हते. दोन रात्री त्या शेरूशेजारी चटईवर झोपल्या. त्याच्या वरणभाताला मासळीचा वास नको म्हणून नवे पातेले आणले. मी साडीचे विचारले, तर ती हसली. “कपाटात नऊ झाल्यात, ताई. सगळी साडीच देतात. सासूबाई घरात गाऊन घालतात.”

परतीच्या गाडीत मला चार दाने आठवली. आहारदान, औषधदान, अभयदान, ज्ञानदान. पाठशाळेत मुलांना मीच शिकवते! त्यातली पहिली तीन मावशींनी माझ्या शेरूला दिली होती. माझा नियम मी पाळला नव्हता, त्यांनी पाळला होता. आणि मी नको असलेली वस्तू देऊन तिला भेट म्हटले होते. दशलक्षणात उत्तम आर्जवाच्या दिवशी मान डोलावणारी हीच मी.

जीवदया आपल्या रक्तात आहे, असे आपण म्हणतो आणि ते खोटे नाही. मुंबईत 1832 साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून दंगल झाली. पारशांबरोबर जैन आणि हिंदूही त्यात होते. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. देणाऱ्यांची नावे आपण अभिमानाने घेतो. पण रोज चारा टाकणाऱ्याचे, जखम धुणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. दयेसाठी आपण हजारो रुपये देतो आणि ती दया ज्या हातांनी होते, त्या हातांशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो.

कृत, कारित, अनुमोदित असे आपण तिन्ही सांगतो. केलेले, करवलेले आणि मनापासून वाखाणलेले. मग अनुमोदना नुसती तोंडाची कशी चालेल?

म्हणून मी स्वतःला काही नियम घालून घेतले. ठरलेले पैसे आधी आणि पूर्ण. भेटवस्तू त्यात धरायची नाही. मग विचारायचे, “मावशी, पदरचे काही गेले का?” एकदा नाही, दोनदा, कारण पहिल्यांदा त्या नाहीच म्हणतात. खुशी द्यायची ती रोख, पाकिटात, कोऱ्या नोटा. आठवड्याला एका दिवसाचे पैसे असा माझा हिशोब आहे, तुमचा वेगळा असेल. रात्री जागवल्या असतील तर जास्त. कुणी एजन्सीमार्फत माणूस ठेवत असेल, तर खुशी त्या माणसाच्याच हातात द्यावी. आणि चार मैत्रिणींना त्यांचे नाव सांगावे. नवे गिऱ्हाईक मिळणे हीसुद्धा मोठी खुशीच.

त्या आठवड्यातच जाऊन 900 रुपये आणि पातेल्याचे पैसे दिले. क्षमा मागितली. मावशी म्हणाल्या, “एवढं काय त्यात?” पण पैसे घेतले. त्याचेच मला बरे वाटले.

या दसऱ्याला शेरूला घेऊन गेलो. आपण पाने ओरबाडत नाही, हे त्यांना माहीत. त्यांनी अंगणात गळून पडलेले एकच आपट्याचे पान माझ्या हातावर ठेवले. “सोनं घ्या, ताई.”

पान देऊन सोने म्हणायचा मान त्यांचा. माझ्या पर्समध्ये पाकीट होते, ते मी त्यांच्या हातात दिले. साडी नेली नव्हती.

जय जिनेंद्र.