नाव कोणी ठेवावे?

६ मे १८६८ रोजी कार्ल मारिया केर्टबेनी या जन्माने व्हिएन्नाच्या, अभिमानाने हंगेरियन आणि लेखनाने जर्मन असलेल्या गृहस्थांनी कार्ल हाइनरिश उलरिक्स या कायदेपंडितांना एक पत्र लिहिले, आणि पुरुषाच्या पुरुषाविषयीच्या व स्त्रीच्या स्त्रीविषयीच्या अनुरागाला ‘होमोसेक्सुअल’ हे विशेषण त्या पत्रात प्रथम लावले. उलरिक्सांनी स्वतःसाठी व आपल्यासारख्यांसाठी प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मधील स्वर्गीय देवतेच्या नावावरून ‘उर्निंग’ असा शब्द आधीच घडविला होता, आणि १८६७ साली म्युनिक येथे जर्मन न्यायशास्त्रज्ञांच्या परिषदेपुढे उभे राहून या विषयावर बोलण्याचे धैर्यही दाखविले होते. विद्वान सभेने आरडाओरडा करून त्यांना गप्प बसविले, ही गोष्ट अलाहिदा. त्यांचा शब्द काव्यमय होता आणि बहुधा त्यामुळेच टिकला नाही. केर्टबेनींचा शब्द अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन, कानाला खडबडीत, पण तो टिकला. पुढल्याच वर्षी त्यांनी निनावी पत्रके छापून प्रशियाच्या दंडविधानातील अशा संबंधांना शिक्षा सांगणाऱ्या कलमाविरुद्ध जी कैफियत मांडली, त्या कैफियतीत हा शब्द पहिल्याने छापला गेला. म्हणजे आज ज्या नावाला पुष्कळ लोक रोगाचे नाव समजतात, ते नाव मुळात एका फिर्यादी लेखकाने आपल्या फिर्यादीसाठी तयार केले होते. रोगाचे नाव ते झाले नंतर, जेव्हा क्राफ्ट-एबिंग यांच्यासारख्या मानसचिकित्सकांनी ते आपल्या ग्रंथांत घेतले आणि दवाखान्याच्या दफ्तरी दाखल केले.

उलरिक्सांना लिहिलेल्या त्याच पत्रात केर्टबेनींनी ‘हेटरोसेक्सुअल’ हाही शब्द योजला होता, आणि त्याची पुढची हकीकत ज्यांना आपल्याला कोणतेही लेबल नाही असे वाटते त्यांनी अवश्य ऐकावी. अमेरिकेतील वेबस्टरच्या १९२३ च्या मोठ्या कोशात या शब्दाचा अर्थ भिन्नलिंगी व्यक्तीविषयीची विकृत वासना असा दिलेला होता. १९३४ च्या आवृत्तीत कोशकारांनी तीच वासना स्वाभाविक ठरविली. दरम्यानच्या अकरा वर्षांत अमेरिकेतील नवराबायकांच्या वर्तनात काही फरक पडला असेल असे मानण्यास आधार नाही. फरक पडला तो कारकुनांच्या मतात.

‘मला लेबल नको’ असे म्हणणारी तरुण मंडळी हल्ली भेटतात, आणि त्यांच्या म्हणण्यातील स्वाभिमान मला समजतो. परंतु नाव असावे की नसावे हा वाद मला दुय्यम वाटतो. मनुष्याच्या प्रेमाला किंवा त्याच्या लिंगभावाला दिलेले प्रत्येक नाव कोणत्या ना कोणत्या कचेरीत, त्या कचेरीच्या गरजेपुरते तयार झालेले असते, आणि गरज संपली तरी नाव मात्र त्या मनुष्याच्या अंगावर राहते. म्हणून नाव ऐकताच पहिला प्रश्न विचारावा तो असा की, हे लिहिले कोणी आणि कशासाठी?

आमच्याच मुलखातील उदाहरण घ्यावे. मराठेशाहीच्या अमदानीत दख्खनमधील हिजड्यांना लहानसहान वतने होती. काही ठिकाणी रोकड नेमणूक, काही ठिकाणी जमिनीचा तुकडा, आणि ठरलेल्या गावांतून मागून घेण्याचा हक्क, जो गुरूकडून चेल्याकडे वारशाने चालावयाचा. हा काळ फार उदार होता असे मला सुचवावयाचे नाही, कारण ज्या समाजात प्रत्येकाचे स्थान जन्मतःच मुकरर झालेले होते, त्या समाजाने एका जमातीचे स्थान सर्वांच्या खाली मुकरर केले यात औदार्य कसले? पण एवढे खरे की ‘हिजडा’ हा शब्द त्या काळच्या दफ्तरात हक्कदाराचे वर्णन म्हणून येत असे. ज्या ओळीत पाटील, जोशी, गुरव येत, त्याच रिवाजाने तोही येत असे. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातील साहेबांनी ही वतने पुढे चालविण्यास नकार दिला, कारण सरकारी खजिन्यातून अशा लोकांस पोसणे त्यांच्या नीतिबुद्धीस रुचेना. हक्क गेला आणि शब्द उरला. हक्काशिवाय उरलेला शब्द काही काळाने शिवी होतो, त्याप्रमाणे तो झाला.

उत्तरेच्या प्रांतांत याहून वाईट घडले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब येथील हिजड्यांची यादी पोलिसांनी ठेवावी असे फर्माविले. ज्याचे नाव या यादीत चढले, त्याने बायकी पोशाखाने रस्त्यावर दिसणे किंवा नाचगाणे करणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. त्यास दत्तक घेता येईना, मृत्युपत्र करता येईना, दानपत्र करता येईना. एका बाजूस सनद, दुसऱ्या बाजूस हजेरीपट. दोन्हींत नोंद एकाच प्रकारच्या माणसांची! १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाची तऱ्हा याहून निराळी. त्यात कोणत्याही प्रकारच्या मनुष्याचे नाव नव्हते, ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ एवढ्या मोघम शब्दांवर काम भागविलेले होते; गुन्हा लिहिलेला होता, गुन्हेगार कोण ते ज्याने त्याने ओळखावयाचे होते.

देवाच्या कचेरीतही नावे मिळतात. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मेच्या यात्रेस कोल्हापूर-सांगलीकडून जाणाऱ्या लोकांत लुगडे नेसलेला, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे तिची मूर्ती, घेतलेला, देवीला वाहिलेला जोगता आपण पाहिलेला असतो. गावाने त्याचे वर्णन ‘देवीने धरला’ एवढ्या दोन शब्दांवर संपविलेले असते. त्याला काय वाटते, कोणाविषयी वाटते, हे कोणी विचारीत नाही; विचारण्याची गरज पडू नये एवढ्यासाठीच देवीला मध्ये घेतलेले असते. त्या नावाने त्याला दारोदार जोगवा मिळतो, नमस्कारही मिळतो, आणि त्याच नावाने त्याचे घर, शिक्षण व संसार यांचे मार्ग कायमचे बंद होतात.

मराठीत या विषयावर सरळ बोलण्याचा पहिला मोठा प्रयत्न र. धों. कर्वे यांनी केला. १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढीत, आणि वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यात निःसंकोच उत्तरे देत. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो अशाच उत्तरांवरून, ज्यांत समलिंगी संबंधांविषयीचा प्रश्नही होता. वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मला या प्रकरणात सर्वांत लक्षणीय वाटतो तो प्रश्न विचारणारा अज्ञात वाचक. त्याच्यापाशी स्वतःसाठी एखादे नाव होते की नाही, कोण जाणे. त्याच्यापाशी शंका होती, आणि ती कोठे पाठवावी याचा एक पत्ता होता. कचेऱ्यांनी नावे पुष्कळ दिली, असा पत्ता मात्र मराठी माणसाला त्यापूर्वी कोणी दिला नव्हता.

आता घरातली गोष्ट. माझी बहीण जन्मभर शाळेत मराठी शिकवीत होती, आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत तिचा धाक आम्हा भावंडांनाही आहे. तिचा मुलगा परगावी नोकरीस होता; सुटीत आला असता, मी तेथे बसलेलो असतानाच, तो म्हणाला, “आई, मी गे आहे.” तिने हातातले काम खाली ठेवले आणि विचारले, “म्हणजे रे काय?” शब्द तिने ऐकलेला नव्हता असे नाही, तिला थोडा अवधी हवा होता. पोराने ‘समलिंगी’ हा शब्द उच्चारावयास सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिला, कारण तो शब्द त्याने बहुधा वृत्तपत्रांतच वाचलेला, आणि तेथे तो एक तर पोलिसांच्या बातमीत येतो किंवा न्यायालयाच्या. शाळेत मुलांनी त्याला ‘बायल्या’ म्हटलेले होते, तो शब्द तर आईपुढे आणणे शक्यच नव्हते. मग तो म्हणाला, “आई, मला मुली आवडत नाहीत, मुलगे आवडतात. पहिल्यापासून तसंच आहे.” बहीण काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “हे असं सरळ सांगायचं की! तुझ्या बाबांना मी सांगेन. तू मध्ये बोलू नकोस.” बाबांशी पुढे जे व्हावयाचे ते झाले आणि सगळेच काही गोड झाले नाही, परंतु त्या दुपारी कर्ता, कर्म, क्रियापद अशा साध्या वाक्याने जे काम केले, ते जर्मनीत घडलेल्या आणि इंग्लंड-अमेरिकेतून आलेल्या शब्दांना करता आले नव्हते.

यावरून नावे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष मी काढला असता, पण त्याच पोराने मला थांबविले. “मामा,” तो म्हणाला, “आईला सांगायला वाक्य पुरतं. सुप्रीम कोर्टात वाक्य घेऊन जाता येत नाही.” हे अगदी खरे आहे. ‘मला मुलगे आवडतात’ ही एका माणसाची कबुली. हक्क मागावयाचा तर त्या माणसासारख्या सर्वांना मिळून एक नाव लागते, कारण कायदा वर्ग ओळखतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ व्या कलमाचा जाच प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता दूर केला तो अशाच नावाखाली एकत्र आलेल्या लोकांच्या अर्जांवर. १९९४ पासून काम करणारा मुंबईचा ‘हमसफर’, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी काढलेला ‘समपथिक’, स्त्रियांचा ‘स्त्री संगम’, ही संस्थांची नावे पाहावी: कोणत्याही कोशातील रोग त्यांत नाही, सोबत तेवढी आहे. आणि १९९८ च्या डिसेंबरात दोन स्त्रियांच्या प्रेमावरील ‘फायर’ चित्रपटावरून मुंबईत व दिल्लीत चित्रपटगृहांवर हल्ले झाल्यावर दिल्लीच्या निदर्शनांत ज्या स्त्रीने आपण भारतीय आहोत आणि लेस्बियन आहोत असा फलक हाती धरला, तिने परका शब्द आपल्या देशाच्या नावाशेजारी लिहून जे साधले, ते कोणत्याही मराठी प्रतिशब्दाने साधले असते असे मला वाटत नाही. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी २०१२ च्या आपल्या मराठी आत्मकथनाच्या शीर्षकात ‘मी हिजडा’ असे छापविले, तेव्हा साहेबाने हक्क काढून घेऊन शिवी म्हणून मागे टाकलेला शब्द त्यांनी पुन्हा आपल्या ताब्यात घेतला. आता तो इतरांनी वापरावा की नाही हे ठरविण्याचा अधिकारही त्यांच्याच लोकांचा.

सरकारी कचेरीस मात्र हा अधिकार सोडवत नाही. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपला लिंगभाव ज्याचा त्याने ठरवावा, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. पुढे तृतीयपंथी व्यक्तींविषयीचा २०१९ चा कायदा झाला, आणि त्यात ही ओळख सिद्ध करण्यास जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून दाखला घ्यावयाचा ठरला. स्वतः ठरवावयाचे, आणि ठरविले असल्याचा दाखला दुसऱ्याकडून आणावयाचा! साथीच्या रोगांच्या खात्याने एड्सच्या दिवसांत ‘एमएसएम’ हे नाव चालविले, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. त्यात प्रेम नाही, कुटुंब नाही, केवळ कृती आहे, आणि अहवाल भरण्यास तेवढी पुरते. ते खाते आपापल्या परीने जीव वाचवीत होते, म्हणून त्याला मी फार बोल लावणार नाही.

सर्वांत मोठा रकाना जनगणनेचा. २०११ साली प्रथमच स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ असा तिसरा पर्याय तेथे आला, आणि देशभरात ४,८७,८०३ माणसे त्यात मोजली गेली, महाराष्ट्रात ४०,८९१. या देशभरच्या संख्येत सुमारे ५५ हजार मुले सहा वर्षांपर्यंतची आहेत, म्हणजे त्यांच्याविषयीचे उत्तर आईबापांनी दिले. मोठ्यांविषयीचे उत्तर तरी त्यांनी स्वतः दिले काय? आपल्याकडे प्रगणक दाराशी येतो, कुटुंबप्रमुख खुर्ची ओढून बसतो आणि घरातल्या सर्वांची माहिती एका दमात सांगून टाकतो. आतल्या खोलीतल्या माणसाला आपण काय लिहिले गेलो हे कळतही नाही. कोणावर प्रेम करता हे जनगणना विचारीत नाही, आणि ते ठीकच आहे. पण लिंगाचा रकाना ती विचारते.

नव्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा जाहीर झालेला आहे. घरोघरीच्या कुटुंबप्रमुखांना माझी विनंती एवढीच आहे की, त्या वेळी प्रगणक लिंगाच्या रकान्यापाशी आला म्हणजे दोन मिनिटे थांबावे आणि घरातील प्रत्येक जाणत्या माणसाला बाहेर बोलावून त्याचे उत्तर त्यालाच देऊ द्यावे.