बॅटरीखालचा गंज

भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. दोन्हीकडे उसाचा मुलूख. हंगामात ट्रॅक्टर रात्रंदिवस राबतो. त्याला आपण डिझेल घालतो, ऑइल बदलतो. पण बॅटरीखालच्या पत्र्याकडे कोण बघतो?

बॅटरीत गंधकाम्ल असते. चार्जिंग होताना वायू सुटतो, त्याबरोबर आम्लाचे बारीक तुषार बाहेर येतात. रंग उडतो, धूळ आणि ओल बसते, पत्रा कुरतडला जातो. पत्रा खचला की बॅटरी हिंदकळते, वायरी सैल होतात. मग उसाने भरलेली ट्रॉली मध्यरात्री वाटेतच अडते. ठिणगी पडून वायूने पेट घेतला, तर जिवाशीच गाठ!

आमच्याकडे अमावास्येला औत धरत नाहीत. त्याच दिवशी आम्ही बॅटरी उतरवतो. सांगाड्याला जोडलेली अर्थची वायर आधी सोडावी आणि जोडताना शेवटी जोडावी. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा कालवून पत्रा घासावा. फेस येईनासा झाला, की आम्ल मेले. सोडा बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नये. पत्रा धुऊन, वाळवून तारेच्या ब्रशाने गंज खरवडावा; रेड ऑक्साइड आणि वर आम्लाला टिकणारा रंग द्यावा. खाली रबराचा तुकडा, टर्मिनलला व्हॅसलीन. बिडीकाडी आणि पोरे दूर ठेवावीत. डोळ्यांत थेंब उडालाच, तर भरपूर पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो. राबणाऱ्याची निगा ही आपली जुनी रीत. तीच ट्रॅक्टरलाही लावा.