अभय कोणाचे?

बडोद्यास उतरून राजमहाल रस्त्याने येताना खंडेराव मार्केटच्या कमानी व घुमट प्रथम दृष्टीस पडले, तेव्हा हा राजवाडा नसून बाजार आहे यावर विश्वास बसेना. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली उभारलेल्या या वास्तूत पुढे महानगरपालिकेची कचेरी आणि मागे भाजी-फुलांची घासाघीस, दोन्ही एकमेकांस न अडवता नांदतात. "अहो, इथे मध्यरात्री एकटे हिंडा, कोणी हटकणार नाही," असे माझे बडोदेकर यजमान अभिमानाने म्हणाले, आणि ज्यांचे नाव या वास्तूस आहे त्यांच्या पश्चात याच शहरात काय गुदरले ते मला आठवले.

खंडेराव महाराज १८७० च्या नोव्हेंबरात निवर्तले, आणि ज्या भावास त्यांनी पादरा येथे कैदेत ठेवले होते ते मल्हारराव गादीवर आले. राणी जमनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. पुत्र झाला तर नव्या महाराजांची गादी जाणार, हे दरबारातील हुजऱ्यासही कळत होते. बाईंनी वाड्यातील अन्नापेक्षा इंग्रज रेसिडेन्सीचे छत जवळ केले, आणि १८७१ साली कन्या झाल्यावर पुणे गाठले. याउलट, १८५७ साली यज्ञाच्या दक्षिणेसाठी उत्तरेस निघालेले वरसईचे गोडसे भटजी महूपाशी बंडाची वार्ता कानी येऊनही पुढेच गेले आणि झांशीच्या वेढ्यात सापडून लुटले गेले. मला भटजींचे धैर्य आवडते, पण सोबतीस विचाराल तर मी बाईंसच मागेन.

कारण रेसिडेन्सीचे अभयही कायमचे नसते, हे १८७४ च्या नोव्हेंबरात दिसले: खुद्द रेसिडेंट कर्नल फेर यांच्याच सरबतात विष निघाले! चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनात तीन इंग्रज व तीन हिंदी सभासद होते आणि त्यांचे एकमत झाले नाही, तरीही १८७५ च्या एप्रिलात मल्हारराव पदच्युत झाले. ज्या राज्यात हुकूम कोणाचा चालतो हे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे असते, तेथे वाटसरूने परवान्यावरचा शिक्का पाहण्याआधी तो उमटवणारा गृहस्थ अजून कचेरीत आहे काय, याची विचारपूस करावी.

जमनाबाईंनी ती केली असावी. त्या बडोद्यास परतल्या त्या मल्हाररावांची मद्रासेस रवानगी झाल्यावर, त्याआधी नव्हे. आणि नाशकाकडील कवळाण्याच्या गोपाळरावास दत्तक घेऊन सयाजीराव हे नाव दिले, तेही त्यानंतरच, २७ मे १८७५ रोजी.