खाड्यांचा हिशोब

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर महिन्याचा सगळा संसार मांडलेला असतो. दूध अर्धा लिटर जादा घेतलं तो दिवस, सिलिंडर लावला ती तारीख, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपतात तो वार, कामाच्या मावशींचे खाडे. त्याच चौकोनांच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने माझे किलोमीटर लिहिते. ८, ५, १२, आणि रविवारी मोठा आकडा. मावशींच्या खाड्याला फुली, माझ्याही खाड्याला फुलीच. एकदा महिनाअखेरीस सासूबाईंनी माझ्या फुल्याही मावशींच्या नावावर धरल्या. मावशी ओट्यावर हात टेकून म्हणाल्या, "आजी, तुमची सून पळाली नाही त्याचे पैसे माझे कशाला कापता?" तेव्हापासून माझ्या फुल्या निळ्या शाईने होतात.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. पाच महिन्यांचा सराव धरला तर श्रीगणेशा ऑगस्टच्या मध्याला, भर पावसात. पुढची रांग बघा: गणपती-गौरी, पितृपंधरवडा, नवरात्र, ऑक्टोबरची काहिली, दिवाळी, तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं, आणि आमच्या बँकेत डिसेंबरअखेरची तिमाही. कोचने दिलेल्या कोष्टकात यातलं काहीही नसतं. तिथे मंगळवारी इंटरव्हल, गुरुवारी टेम्पो, रविवारी लाँग रन. ज्याच्या घरी गौरी जेवत नाहीत आणि ज्याचा मुलगा दहावीला नाही, असा कुणी आदर्श माणूस डोळ्यांसमोर ठेवून ते बनवलेलं असतं. तो माणूस मला अजून येऊरच्या चढावर भेटलेला नाही.

४२.१९५ किलोमीटर धावून जाणं हे कसब खरंच, पण ते एका सकाळपुरतं. आधीचे पाच महिने लागतं ते कसब वेगळं आणि जास्त अवघड आहे. आज काय सोडायचं हे ठरवायचं, आणि सोडलेलं मग सोडूनच द्यायचं.

आम्ही ठाण्याचे. आमचा ग्रुप पहाटे उपवन तलावाशी जमतो आणि तिथून येऊरचा चढ. दुधाच्या क्रेटचे टेम्पो, फुटपाथवर बसून पेपरात पुरवण्या घालणारी मुलं, आणि कुत्री. कुत्र्यांचं शास्त्र सोपं आहे: धावणं थांबवायचं, चालायचं, आणि अगदीच अंगावर आली तर दगड उचलल्यासारखं वाकायचं. दगड असलाच पाहिजे असं नाही. बायकांना आणखी एक शास्त्र शिकावं लागतं, ते कुठल्याच कोष्टकात नसतं. पुरुष रस्ता ठरवताना चढ-उतार बघतात. आम्ही आधी बघतो की या रस्त्यावर पहाटे पाचला उघडं असणारं स्वच्छतागृह कुठे आहे. तीस किलोमीटरचा मार्ग मी घोडबंदर रोडवरच्या पेट्रोल पंपांवरून आखते. त्यात कुणाला विनोद वाटला तर त्याने एकदा तीन तास पाणी पीत धावून बघावं.

पावसाळ्यातला निम्मा सराव बुटांशी असतो. भिजलेले बूट दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळवणं ही ठाण्याच्या हवेत सोपी गोष्ट नव्हे. नाड्या पूर्ण सैल करायच्या, जीभ बाहेर ओढायची, आतली गादी काढून वेगळी उभी करायची. मग वर्तमानपत्राचे बोळे पार टोकापर्यंत, अंगठ्याच्या जागेपर्यंत कोंबायचे. गुळगुळीत रंगीत पुरवणी चालत नाही, ती पाणी शोषतच नाही. साधं खरखरीत पानच लागतं, आणि तेही दोन तासांनी ओलं चिंब होऊन बाहेर येतं. ते काढून नवे बोळे. रात्री झोपताना शेवटची बदली, आणि बूट पंख्याखाली आडवे. गॅसपाशी किंवा फ्रिजच्या मागे ठेवायचे नाहीत, उष्णतेने तळव्याचा डिंक सुटतो. आमच्याकडे ऑगस्टमध्ये रद्दीवाला हिरमुसून परत जातो.

कोष्टकातला तो रविवारचा लाँग रन जगभरात रुजवण्यात मोठा वाटा आर्थर लिडियार्ड या न्यूझीलंडच्या प्रशिक्षकाचा. ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरांत २२ मैलांचा, म्हणजे साधारण ३५ किलोमीटरचा त्याचा रविवारचा फेरा प्रसिद्ध आहे. ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललाही त्याने तो फेरा मारायला लावला, आणि १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं, मरे हालबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, बॅरी मगीने मॅरेथॉनचं कांस्य. पण मला लिडियार्ड आवडतो तो दुसऱ्याच कारणासाठी. हा माणूस बुटांच्या कारखान्यात नोकरी करायचा आणि दुधाचा रतीबही घालायचा. आठवड्याला १०० मैलांची त्याची पद्धत त्याने आधी स्वतःच्या अंगावर करून पाहिली, तीही पोटापाण्याचं सांभाळून. त्याची ती शंभर मैलांची गोष्ट सगळे सांगतात, रतिबाची कुणी सांगत नाही.

जपानचा युकी कावाउची तर २०१९पर्यंत सायतामा प्रांताचा सरकारी नोकर होता, शाळेच्या कार्यालयात काम करणारा. बाकीचे बहुतेक अव्वल जपानी धावपटू कंपन्यांच्या संघांत, धावणं हीच त्यांची नोकरी. हा ऑफिस सांभाळून धावायचा. २०१८च्या बोस्टन मॅरेथॉनला कडाक्याची थंडी, समोरून वारा आणि मुसळधार पाऊस होता. मोठमोठे धावपटू वाटेत थांबले, आणि कावाउची २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला. १९८७नंतर तिथे जिंकलेला तो पहिला जपानी पुरुष. आमच्या ग्रुपवर हा दाखला लगेच 'नोकरीची सबब सांगू नका' असा फिरला. मला त्यातून उलटंच दिसतं. वाईट दिवशी धावायची त्याला सवय होती, कारण चांगला दिवस निवडायला नोकरदार माणसाला मिळतोच कुठे?

आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यांतली शेतकऱ्यांची मुलं अनवाणी धावत, आणि आधुनिक सरावाची कसलीच माहिती नसताना त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळ जात, हे पाहून दोराबजी टाटांनी १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू पाठवायचं मनावर घेतलं. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले आणि १९वे आले, २ तास ५० मिनिटांच्या आसपास. आज आमच्या ग्रुपात कुणी ही वेळ काढली तर आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचू. सदाशिव दातारही त्याच शर्यतीत उतरले होते, त्यांना ती पुरी करता आली नाही. निकालाच्या यादीत तेही आहेत, हे मला बरं वाटतं.

आता माझ्या फुल्यांकडे येते. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात त्या ओळीने लागल्या. गौरी उठल्या आणि मला ताप आला. डेंग्यू. या आजारात ताप उतरला की माणूस सुटलो म्हणतो, आणि खरी काळजी तेव्हाच सुरू होते. प्लेटलेट घसरतात त्या त्याच दिवसांत. घरचे सगळे पपईच्या पानांचा रस घेऊन उभे, मी रोज रक्त द्यायला. त्यातून उठले, पण अंगातला जीव परत यायला फार वेळ लागला. जिना चढून वर आलं की दाराशी टेकून उभं राहायचं. सकाळी अंथरुणातच मनगटाला बोटं लावून नाडी मोजायची मला जुनी सवय आहे. एरवीपेक्षा दहाने जास्त लागली की त्या दिवशी बूट घालायचे नाहीत, हा माझा नियम. ती नाडी कितीतरी दिवस खाली येईना.

अशा वेळी कोष्टक भिंतीवरून बघत असतं. लोकही बघत असतात. "आता दुप्पट मारून भरून काढ" असं निम्मा ग्रुप सांगतो, आणि प्रेमानेच सांगतो. ते ऐकायचं नसतं, याला कारण आहे. विश्रांतीत सगळ्यात आधी घटतं ते रक्तातलं द्रव, थोड्याच दिवसांत. म्हणून परत सुरू करताना धाप लागते आणि माणूस घाबरतो. पण ते परत येतंही लवकर. दोन-तीन आठवडे हळूहळू धावलं की दम बसतो, अंग हलकं वाटतं आणि वाटतं, झालो की पूर्ववत! सांधे, हाडं आणि कंडरा यांचा कारभार मात्र सावकाशीचा. फुप्फुसं हो म्हणतात तेव्हा टाच अजून मागच्या महिन्यातच असते.

माझी टाच तर सगळी सावधगिरी पाळूनही बोलली. नोव्हेंबरात, दिवाळीचा फराळ संपत आला तेव्हा. तळपायाची शीर आखडते, त्याची एक खूण आहे: दिवसातलं पहिलं पाऊल. पलंगावरून उतरून टाच टेकली की आत काचेचा तुकडा असल्यासारखी कळ. मग भिंत धरून बाथरूमपर्यंत, चवड्यांवर. दहा-वीस पावलांनंतर कळ विरघळते, चहा होईपर्यंत तर विसरायलाच होतं, आणि इथेच ती फसवते. फिजिओथेरपिस्टनी सांगितलं, दिवसभर दुखतंय का ते विचारू नका, पहिलं पाऊल काय म्हणतं ते बघा. बाटलीत पाणी भरून फ्रीजरमध्ये घट्ट गोठवायची आणि टीव्ही बघताना तळव्याखाली फिरवायची. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश खाली सोडायच्या, पोटऱ्या ताणायच्या. सोसायटीच्या जिन्यात मी रोज संध्याकाळी कठडा धरून अशी उभी असायची. वरच्या मजल्यावरचे आजोबा जाता-येता विचारायचे, "काय हो, लिफ्ट बंद आहे का?"

त्या कोष्टकात ३२ किलोमीटरचे तीन रविवार होते. मी त्यातला एकच धावले. मधल्या दिवसांत तरण तलाव, घरी जुनी सायकल स्टँडवर लावून पायडल, आणि चालणं. सायकलच्या घरघरीवर मुलाच्या अभ्यासाची तक्रार आली, तेव्हा पायडल त्याच्या क्लासच्या वेळेत. याला धावणं म्हणायचं की नाही यावर ग्रुपात वाद आहे. माझ्या मते म्हणायचं, आणि कॅलेंडरवर त्याला फुली लावायची नाही, गोल करायचा.

एक गोष्ट मी या सगळ्यात सोडली नाही, ती म्हणजे खाण्याचा सराव. शरीरात साठवलेली साखर साधारण तिशीच्या किलोमीटरपर्यंत पुरते आणि मग पाय एकदम परके होतात, त्यालाच धावणारे 'वॉल' म्हणतात. म्हणून धावता धावता खायला पोटाला शिकवावं लागतं, आणि ते आजारपणानंतरच्या हळू धावण्यातही शिकवता येतं. बाजारातली जेल मला मानवत नाहीत. खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, राजगिऱ्याची चिक्की. बटाटा प्लॅस्टिकच्या पिशवीत कुस्करून कोपरा कापायचा आणि पिळायचा. दिसतं भयानक, पण लागतं छान. नवरात्रात हे सगळं उपवासालाही चालतं, त्यामुळे सासूबाईंचा माझ्या धावण्याला असलेला विरोध त्या नऊ दिवसांपुरता मावळतो.

शर्यतीबद्दल थोडंच सांगते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंधारात निघालो, उजाडता उजाडता सी लिंकवर वारा लागला, माहीम-दादरला माणसं घराबाहेर येऊन संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटं वाटत होती. पेडर रोडचा चढ जाताना लागतो तेव्हा कुणाला त्याचं काही वाटत नाही. परतीला, पस्तिशी ओलांडल्यावर तोच चढ पुन्हा येतो. तिथे मी चाललेच. चढ चालायचा आणि उतार धावायचा हे आधीच ठरवलं होतं, कारण जे तीन रविवार पायांत असायला हवे होते त्यांतले दोन नव्हते. मनात होता त्याहून बराच जास्त वेळ लागला. टाचेने शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. पदक सासूबाईंनी देवघराच्या खुंटीला अडकवलं, खुंटी हलत होती म्हणून आठवड्याने काढलं.

यंदा आमच्या ग्रुपात एक तरुण मुलगा आला आहे, आयटीवाला, रात्रपाळीचा. परवा उपवनच्या कट्ट्यावर बूट बांधताना म्हणाला, "ताई, टायफॉइडमुळे तीन आठवडे बुडाले. एक्सेल करून आणलंय, रोज चार किलोमीटर जादा धरले तर डिसेंबरपर्यंत बॅकलॉग क्लिअर होतो." मोबाईलवर खरंच सुबक रंगीत तक्ता होता. मी म्हटलं, तो जादाचा रकाना पूर्ण उडव, या रविवारी अठ्ठावीस नको, चौदा धाव, तेही माझ्याबरोबर, गप्पा मारत. आणि उद्या सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजून मला मेसेज कर.

त्याचा चेहरा पडला. रविवारी तो आला नाही. चौकशी केली तर कळलं, हिरानंदानीच्या ग्रुपबरोबर अठ्ठावीस मारायला गेलाय. मी त्याला मेसेज टाकून ठेवला आहे, की पोटरी किंवा टाच, जे काय आधी दुखेल, त्यासाठी गोठवलेली बाटली आमच्याकडे फ्रीजरमध्ये तयार असते.