टिपाड

करवतीचे दात निळ्या प्लॅस्टिकवर घासले आणि आई पदराला हात पुसत बाहेर आली. "काय करायलास रे?" मी सांगितलं. ती पायरीवर बसली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गळकं तरी शोधायचं होतंस."

लातुरात धडधाकट टिपाड उभं चिरणं म्हणजे पेरणीच्या तोंडावर बियाणं भाजून खाणं. आमच्या घरी तीन टिपाडं होती, प्रत्येकी दोनशे लिटरची. मी शाळेत असताना अण्णांनी ती भंगारवाल्याकडून आणली होती. आधी त्यांत काय होतं कुणास ठाऊक, पण सोडा, राख आणि चिंचेचं पाणी यांनी आठवडाभर घासल्यावरही पहिला पाऊस पडेपर्यंत आतून औषधाचा वास येत होता. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा. अण्णांनी एका टिपाडाच्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटनं आठ रेघा ओढल्या होत्या. एक रेघ म्हणजे एक दिवस, पंचवीस लिटर. रात्री ते मागून बॅटरी धरायचे, की निळ्या प्लॅस्टिकमधून पाण्याच्या पातळीची सावली दिसायची. रेघ ओलांडली गेली असेल, तर दुसऱ्या दिवशी कुणाची आंघोळ रद्द हे झोपण्याआधीच ठरायचं. बहुधा माझी.

नगरपालिकेचा आरोग्य कर्मचारी यायचा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, भांडी रिकामी करा, असं तो सांगायचा. कोरडे दिवस आम्ही सहा पाळत होतो, पण भांडी रिकामी करायला कुणाचा जीव धजायचा नाही. मग तो पिशवीतून पाच-सहा गप्पी मासे टिपाडात सोडून जायचा. नखाएवढे, करडे, बिनकौतुकाचे. पाणी काढताना तांब्यात एखादा यायचा, त्याला परत सोडायचं. ते काय खातात, कुठे घाण करतात, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नाही. त्याचं उत्तर मला तीस वर्षांनी शोधावं लागलं.

मधली वर्षं पुण्यात नोकरीची. तिथे रोज पाणी यायचं आणि मी ते रोज वाहू द्यायचो. २०१६च्या उन्हाळ्यात घरी फोन केला, की आधी पाण्याची चौकशी आणि मग तब्येतीची. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाणवठ्यांवर जमावबंदी होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली. १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. अण्णा सत्तरीचे, पण खास स्टेशनवर जाऊन ती बघून आले. फोनवर एवढंच म्हणाले, "पाच लाख लिटर. आपली अडीच हजार टिपाडं." गाडीचं माप त्यांनी टिपाडानंच काढलं.

अण्णा गेल्यानंतर मी परत आलो. परसात तिन्ही टिपाडं उन्हानं फिकट होऊन उभी होती. त्यांतच मासे आणि भाजी एकत्र वाढवायचं मनात आलं. माशांच्या पाण्यावर भाजी आणि भाजीच्या मुळांनी निवळलेलं पाणी परत माशांना, या खेळाचं नाव ॲक्वापोनिक्स. कल्पना जुनी आहे. अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात आपातानी लोक भातखाचरांत मासे पाळतातच. पण टाकी आणि पंपाच्या रूपात ती नीट बसवण्यात जेम्स रॅकॉसी यांच्या कामाचा वाटा मोठा आहे, आणि ते काम झालं कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर, जिथे गोड्या पाण्याची कायम चणचण. हे वाचलं तेव्हा त्या बेटाबद्दल मला उगाच गाववाल्यासारखं वाटलं.

रेघांचं टिपाड कापायची हिंमत झाली नाही. ते माशांचं झालं. दुसरं उभं चिरून दोन नावा केल्या. टिपाडाचा व्यास साधारण अठ्ठावन्न सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक नाव फूटभर खोल. मुळांना तेवढीच खोली लागते. हा हिशेब आपोआप जुळला, माझी हुशारी नाही. लोखंडी अँगलची उंच घडवंची वेल्डरकडून करून घेतली आणि नावा तिच्यावर आडव्या चढवल्या. पंपासाठी जुन्या कूलरची मोटर काढली. तिसरं टिपाड आईचं राहिलं. त्यावर तिनं झाकण ठेवलं आणि झाकणावर वरवंटा.

नावांत माती नाही, खडी भरायची. खडी चुनखडीची असली तर पाण्याचा आम्ल-विम्ल तोल बिघडवते, म्हणून तिच्यावर आंबट टाकून बघायचं. घरात लिंबू होतं. आमची काळ्या बेसाल्टची खडी गप्प राहिली. गंमत म्हणून मी ओट्याजवळच्या शहाबादी फरशीवरही पिळलं. ती चुनखडकाचीच, लगेच फसफसली. तिथे रुपयाएवढा पांढरा डाग आहे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवते.

सगळ्यात रमलो ते सायफनमध्ये. खडीत पाणी हळूहळू चढावं, मुळं भिजावीत आणि मग ते एकदम उतरून मुळांना हवा मिळावी, यासाठी एक उभी नळी आणि तिच्यावर पालथी घातलेली, बुडाला खाचा पाडलेली रुंद नळी, एवढंच लागतं. मोटर सतत चालू, बटण-बिटण काही नाही. पाणी आतल्या नळीच्या तोंडावरून वाहू लागलं, की आतली हवा ओढली जाते आणि सगळं पाणी घुळूक करून खाली. मी चार दिवस नळ्या कापत बसलो. कधी चढलेलं पाणी उतरेना, कधी नुसतंच झिरपत राही. शेवटी आई म्हणाली, "वसुदेवाचा पेला करायलास का?" खरंच की! कृष्णाच्या पायाला पाणी लागलं, की रिता होणारा तो पितळी पेला आजोळच्या देवघरात होता. तत्त्व तेच. पाचव्या दिवशी यमुना उतरली.

मासे मात्र मी मारले. हे नीटच सांगायला हवं. रोहूची वीस बोटुकली आणली, बोटाएवढी, चांदीसारखी. टिपाड रोहूला पुरणार नाही, हे कळत होतं. मोठी झाली की ओळखीच्या शेततळ्यात सोडू, असं ठरवलेलं. पण खरी चूक घाईची. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि ते नायट्रेट झाडं खातात. प्रकाश न लागता अमोनियावर जगणाऱ्या या जिवांचं कोडं विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९०च्या सुमारास सोडवलं. हे जिवाणू विकत आणून लगेच कामाला लागत नाहीत, ते खडीवर वस्ती करायला महिना-दीड महिना घेतात. तोवर थांबायचं असतं. मी तिसऱ्या दिवशी मासे सोडले आणि कौतुकानं शेंगदाण्याची पेंडही भरपूर टाकली. आमचं बोअरचं पाणी जड, विम्लतेकडे झुकलेलं, वर एप्रिलचं ऊन. अशा पाण्यात अमोनिया जास्तच जहरी. तपासणीच्या नळीत पिवळं राहायला हवं तिथे पाणी गर्द हिरवं झालं. पहाटे बोटुकली तोंड वर काढून हवा गिळत होती. दुपारपर्यंत सात गेली, संध्याकाळपर्यंत सगळी. आईनं ती चाफ्याखाली पुरली. बोलली काहीच नाही, आणि तेच लागलं.

रिकामं टिपाड मोटरवर दीड महिना फिरत ठेवलं. अधूनमधून चिमूटभर पेंड, कुजायला. हिरवा रंग फिका होत होत एके दिवशी पिवळा झाला. मग मासे आणायला कुठे गेलोच नाही. शेजारच्या काकूंच्या हौदातून चहाच्या गाळणीनं तीसेक गप्पी पकडून आणले. तीन महिन्यांत मोजता येईनासे झाले.

त्यांच्यावर पुदिना माजलाय, अळू बरं आहे. पालकाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, कारण या पाण्यात लोह झाडाला लागू पडत नाही. त्याची औषधी पूड घालावी लागते. पाणी नव्वद टक्के वाचतं, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी मे महिन्यात आमच्या परसात येऊन बसावं. उन्हानं आणि पानांनी मिळून रोज दहा लिटर उडतं, अडीच दिवसांत अण्णांची एक रेघ. ती भरून काढायला आई आदल्या दिवशी नळाच्या पाण्याची बादली उघडी ठेवते, क्लोरिनचा वास जायला. सांगितलं मी होतं, पण आता विसरतो मीच. गप्पी चौथ्या रेघेच्या आसपास राहतात. रात्री मी मागून बॅटरी धरतो, तेव्हा सावल्या हलतात.

दर वीसेक मिनिटांनी पाणी घुळूक करून उतरतं. दुपारी आई आडवी झालेली असते, त्या आवाजानं दचकून उठते, "नळ आला!" म्हणत हंडा उचलते आणि परसात पोचल्यावर तिला आठवतं. मग रिकामा हंडा कडेवर तसाच ठेवून ती चटणीपुरता पुदिना खुडते. वर्ष झालं, अजूनही उठते.