क्रॅनबेरीबाईंचा ठसका

अमेरिकेत पानं लाल-पिवळी व्हायला लागली की भाजीच्या दुकानात क्रॅनबेरीबाईंचं आगमन होतं. अंगावर तुळतुळीत लाल रंग. त्या रंगाला भुलून एक कच्चं फळ तोंडात टाकाल, तर डोळे गच्च मिटतील. पहिल्याच भेटीत गोड बोलणं बाईंच्या स्वभावात नाही.

अंगात उसळी मात्र भारी. पोटात हवेचे चार कप्पे असल्यामुळे ताजं, टणक फळ खाली टाकलं की टप्पा घेतं. न्यू जर्सीतल्या जॉन वेब यांचा एक पाय लाकडी होता. फळं घेऊन जिना उतरणं जमेना, म्हणून ते ती वरूनच ओतायचे, असं सांगतात. चांगली फळं टप्पे घेत तळाशी पोचायची, नासकी पायऱ्यांवरच बसकण मारायची. पुढे फळं निवडायची यंत्रंही याच उसळीवर चालली. त्याच हवेमुळे बाई तरंगतातही. म्हणून रस-सॉससाठीच्या काढणीला वाफ्यात पाणी सोडतात.

पातेल्यात त्यांचा खरा ठसका कळतो. बारा औंसांची, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅमची पिशवी, एक कप पाणी, एक कप साखर. पातेलं स्टीलचं हवं. ॲल्युमिनियमशी त्यांच्या आंबटपणाचं जमत नाही. उकळी आली की फटाफट सालं फुटतात, लाल शिंतोडे ओट्यावर उडतात. झाकण अर्धवट ठेवा आणि दहाएक मिनिटांत आच बंद करा. सॉस पातळ दिसला तरी आटवत बसू नका. पेक्टिन त्यांच्या अंगचंच आहे. निवल्यावर त्या आपल्या आपण घट्ट होतात. फार शिजवलंत तर कडवटपणा धरतात.

रसासाठी फळं तेवढ्याच पाण्यात फुटेपर्यंत शिजवायची, फडक्यात बांधून रात्रभर टांगायची. पिळायचा मोह होतो, पण तेवढं सोसा. पिळलेल्या बाई गढूळ होतात, आणि नितळ रंगाचा त्यांना फार अभिमान.

बरणीत मात्र त्यांच्याइतकं शहाणं कोणी नाही. मुळात इतक्या आंबट, की प्रेशर कॅनर लागत नाही. गरम सॉस काचेच्या गरम बरण्यांत भरायचा, वर थोडी जागा सोडायची, झाकणं लावून बरण्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवायच्या. समुद्रसपाटीजवळ १५ मिनिटं, उंचावर जास्त. बाहेर काढल्यावर झाकणं ‘टक्’ करून आत ओढली जातात. जे तसं बसलं नाही, त्याची बरणी फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवावी.

डब्यात जायची सवय त्यांना जुनीच. मॅसॅच्युसेट्समधले वकील मार्कस युरन यांनी १९१२ मध्ये त्यांचा सॉस डबाबंद करून विकायला सुरुवात केली. आजही जेलीचा तो सॉस ताटलीत उपडा केला की अंगावर डब्याच्या वळ्या मिरवत ताठ उभा राहतो.

तिकडच्या मराठी घरांत बाईंना मोहरी-हिंगाची फोडणी, मेथी, तिखट मिळतं, आणि लोणचं झकास होतं. पण तेलाचं हे लोणचं सॉसच्या हिशेबाने बरणीबंद करू नका. त्याची जागा फ्रिजमध्येच. नाताळ सरला की ताज्या पिशव्या दिसेनाशा होतात, तेव्हा दोन जास्तीच्या आणून फ्रीझरमध्ये टाका. शिजवायच्या वेळी वितळायची वाट बघावी लागत नाही.