तळूक की तिकल्याक?

मालवणच्या बाजारात मासे घेऊन बसलेली बाई भाव सांगण्याआधी विचारते, "तळूक व्हये की तिकल्याक?" शहरातून आलेल्या माणसाला या प्रश्नाची गंमत वाटते. पैसे मोजून मासा घेतला, आता घरी नेऊन त्याचं काय करायचं ते आमचं आम्ही बघू. हिला कशाला चौकशी? पण तिला पक्कं ठाऊक असतं की बघण्यासारखं आपल्या हातात फारसं उरलेलं नाही. मासा कुठल्या पाण्यात वाढला, अंगात चरबी किती धरली, काटे कसे मांडले, यातच त्याचं बरंचसं ठरून गेलेलं असतं. आपण फक्त आडवं जायचं नाही.

हल्ली सर्रास आडवं जातात. हमरस्त्यावरच्या कुठल्याही 'अस्सल मालवणी' थाळीत सुरमई, बांगडा, कोळंबी सगळ्यांना लाल वाटणाचं एकच पातेलं आणि रव्याची एकच परात. वर्गातल्या सगळ्या पोरांना एकाच मापाचा गणवेश शिवावा तसं. एकाला दाटतो, दुसऱ्याला लोंबतो, आणि लांबून सगळी सारखीच दिसतात.

बांगडा घ्या. हा चरबीचा मासा, वासाने आणि चवीने आडदांड. त्याला तेलात तळायचं म्हणजे तेलात तेल ओतायचं. तळलेला बांगडा वाईट लागतो असं मी म्हणणार नाही, घरात राहायचं आहे मला. पण त्याची खरी जागा निखाऱ्यावर. पोटसुद्धा न फाडता अख्खा बांगडा चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकला की त्याची स्वतःची चरबी त्याला आतून शिजवते, वरची कातडी करपून सालीसारखी निघते आणि आतलं मांस मीठ न लावताही चवदार लागतं. चूल नसेल तर बिडाचा तवा चांगला तापवावा, मासा ठेवावा आणि मग हात मागे घ्यावा. खालची बाजू भाजली की मासा आपणहून तवा सोडतो. त्याआधी उलथनं घातलं तर कातडी तव्याला आणि मांस ताटाला अशी वाटणी होते.

किंवा मग तिकलं. कोकम, मिरची, थोडं खोबरं आणि तिरफळं. तिरफळ वाटणात बारीक वाटायचं नाही, कडू होतं. आतली काळी बी काढून टाकायची, साल नुसती चेचून रश्शात सोडायची. जिभेला हलकी झिणझिणी आणणारं हे फळ बांगड्याच्या, तारलीच्या, पेडव्याच्या तेलकटपणाला पुरून उरतं. पावसाळा संपल्यावर तारली चरबीने भरते, तेव्हा तर तिरफळाशिवाय तिच्या वाटेला जाऊच नये. हेच तिरफळ पापलेटला घातलं तर पापलेट संपलं.

आंबटाचंही असंच. मासा जिवंत असताना त्याच्या अंगात जे द्रव्य खाऱ्या पाण्याचा ताण सांभाळतं, त्याचंच मेल्यावर हळूहळू वास मारणारं रसायन होतं. आम्लाशी गाठ पडली की ते हवेत उडायचं थांबतं. कोकम, चिंच, बिंबल, कैरी, लिंबू, गोव्याच्या आंबोटिकातला व्हिनेगर, सगळ्यांचं काम तेच. किनाऱ्यावरच्या बायकांनी रसायनशास्त्र वाचलेलं नव्हतं. पण मोरीला सर्वांत जास्त आंबट आणि पापलेटला नुसता लिंबाचा हात, हे प्रमाण त्यांनी बरोबर बसवलं होतं. मोरीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, मांसात युरिया असतो आणि ती शिळी झाली की अमोनियाचा भपकारा येतो. म्हणून तिला ताजीच घ्यायची, उकळतं पाणी ओतून तिची वाळूसारखी खरखरीत कातडी खरवडायची, आणि भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं दणदणीत वाटण लावून मटणासारखी करायची.

मटणासारखी करायची ती मात्र मोरीच. बाकी माशांना मटणाचा हात लावला की घात होतो. बोकड आयुष्यभर चार पायांवर आपलं वजन पेलतो, त्यामुळे त्याचे स्नायू चिवट पडद्यांनी बांधलेले असतात. ते पडदे विरघळायला तास-दीड तास लागतो. माशाचं वजन पाणी पेलतं. त्याच्या मांसाच्या आखूड थरांमधले पडदे ५०-६० अंशांनाच विरघळू लागतात, म्हणून शिजलेल्या माशाच्या पाकळ्या सुटतात. तेव्हा रस्सा आधी पुरता उकळून, चव घेऊन, मीठ-आंबट बघून घ्यायचा आणि मासा सगळ्यांत शेवटी सोडायचा. त्यानंतर डाव घालायचा नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून गोल हलवायचं. कोळीवाड्यात ओल्या बोंबलाचं कालवण पाहिलंत तर हा नियम का, ते विचारावं लागणार नाही.

बोंबील म्हणजे जवळपास पाणीच. वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक पाणी घेऊन हा मासा आपल्या घरी येतो. वसई-वर्सोव्याकडे वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या उन्हात टांगतात, तेव्हा हे पाणी सूर्य काढतो. घरी ते पाट्या-वरवंट्याने काढायचं. चिरून मधला काटा काढला, मीठ लावलं, दोन पाटांमध्ये ठेवून वर वजन दिलं की तासाभरात ताटलीत पाण्याचं तळं साचतं. मग तांदळाचं पीठ आणि रवा, आणि तेल खरंच तापलेलं. इथे तळण्याला पर्याय नाही असं माझं मत आहे. ते नको असेल तर दुसऱ्या टोकाला जावं: लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद आणि तेल कच्चंच चोळून मंद आचेवर भुजणं करावं, पाणी अजिबात घालू नये. पाणी त्याने आणलेलंच असतं.

पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राने राज्यमासा ठरवलं. मान मिळाला, पण वागणूक काही सुधारली नाही. त्याच्या मऊ, किंचित गोडसर मांसावर लाल तिखटाचा लेप चढवून कडक तळणं हा खर्चिक अन्याय आहे. मुंबईच्या पारशांना हे कधीच कळलं होतं: ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी, केळीचं पान आणि वाफ. पात्रानी मच्छी खाताना पापलेट महाग का, हे पटतं. लाल मसाला ज्यांना हवाच, त्यांनी हलवा घ्यावा. तो रागावत नाही.

सुरमई मात्र एकटीच दोन संसार सांभाळते. मधल्या जाड तुकड्या तळणीला, डोकं आणि शेपटीकडचा भाग कालवणाला. डोक्यातला चिकट रस रश्शाला जो दाटपणा देतो तो नारळाने येत नाही. पोटात गाभोळी निघाली तर ती हळद-मीठ लावून आधी वाफवावी, घट्ट झाली की काप करून परतावी. कच्ची तळली तर फुटून तेल अंगावर येतं.

कवचवाल्यांची घाई वेगळी. कोळंबीतलं तांबडं रंगद्रव्य प्रथिनात बांधलेलं असतं, ऊब लागली की ते सुटतं आणि करडी कोळंबी गुलाबी होते. रंग फिरला, अंग वळलं, की आच बंद. माकूल तर दोनच वेळा मऊ असतं: दोन मिनिटांनी आणि पाऊण तासाने. मधल्या वेळात ते रबर. तिसऱ्या नावाच्या शिंपल्या विळीवर उघडून, मांस असलेली एकच शिंपी ठेवून सुकं करतात ते एवढ्यासाठी, की उकळून तोंड उघडवलं तर त्यांचं खारट पाणी पातेल्यात जातं. आणि ते पाणी ओतून देणाऱ्याला तिसऱ्या देऊच नयेत. खेकडे अमावस्येला भरलेले असतात म्हणतात. असोत नसोत, त्यांचे बारीक पाय वाटून, गाळून, तो रस रश्शात घातल्याखेरीज ते खेकड्याचं कालवण नव्हे.

आणि उरलंसुरलं. बांगड्याचं तिकलं दुसऱ्या दिवशी सकाळी घावनाबरोबर आदल्या रात्रीपेक्षा चढं लागतं, कारण कोकम तोवर काट्यापर्यंत पोहोचलेलं असतं. कोळंबीचं कालवण उरलं तर कोळंबी बाजूला काढून नुसता रस्सा उकळावा आणि वाढताना ती परत सोडावी, नाहीतर दर उकळीला ती आक्रसत जाते. तिसऱ्या उरवूच नयेत. तळलेल्या बोंबलाबद्दल काही सांगत नाही. तो उरलेला मी अजून पाहिलेला नाही.